पुढं नुसतं पांढरं झालं

बादलीवाले काका गेल्या श्रावणात गेले. आभाळ गच्च भरलेलं, दोन दिवस सूर्याचा पत्ता नव्हता. दफनभूमीत उभा असताना माझ्या मनात आलं, अशा हवेत काकांनी कुणाची गाडी काही ताब्यात दिली नसती. त्या प्रसंगातही मला हसू आलं आणि ते लपवायला मी रुमाल तोंडाला लावला. शेजारच्याला वाटलं, मी रडतोय. थोड्या वेळाने खरंच रडलो, तेव्हा मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

माती द्यायची वेळ आली तेव्हा फाटकातून एक गृहस्थ आत आले. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, एका पायाने लंगडत चालत होते. बरोबर तिशीतली एक बाई होती. भिंगारच्या त्या घोळक्यात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. गृहस्थांनी टोपी काढली, मूठभर माती टाकली. ढिगाऱ्यावरून उतरताना बाईंनी त्यांचा कोपर घट्ट धरला.

"कोण हो हे?" शेजारच्याने हळूच विचारलं.

"कर्जतकडचे आहेत. जुनं गिऱ्हाईक," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. पण काका असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं असतं आणि म्हणाले असते, "एवढंच? पुरं सांगितलं का, शोरूम?" शोरूम म्हणजे मी. पुरं सांगितलं नव्हतं. ते आता सांगतो आहे. काकूंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "सांग की. त्यांनी सोता सगळ्यांना सांगितलं हुतं नंतर. लपवायचं काय राहिलंय त्यात?"

नगरला लागून असलेल्या भिंगारच्या बाजारात एका गल्लीच्या तोंडाशी काकांचं पत्र्याचं दुकान होतं. त्यावर पाटी नव्हती. दारात काठोकाठ भरलेली एक लोखंडी बादली असायची, तीच पाटी. काम एकच करायचे. मोटारसायकलवर ब्रेक ऑइल सांडून खराब झालेली काच सुधारणं. मग ती वारा अडवणारी पुढची काच असो, मीटरवरची असो, की हल्लीच्या महागड्या गाड्यांना येतो तो टीव्हीसारखा रंगीत डिस्प्ले असो. बाकी काही नाही. शेजारचा पानवाला एकदा पंक्चर गाडी ढकलत आला, तर त्याला त्यांनी पुढच्या चौकाचा रस्ता दाखवला. वीस वर्षांचा शेजार, पण नाही म्हणजे नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीच्या हँडलवर, उजव्या मुठीजवळ, ब्रेक ऑइलची छोटी डबी असते. मीटरपासून जेमतेम वीतभर लांब. ब्रेकमध्ये धरलेली हवा काढताना तिचं झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडं असताना कुणी घाईत ब्रेक दाबला की ऑइलची चिळकांडी उडते. दिसायला ते खोबरेल तेलासारखं साधं. पण रंगावर पडलं तर रंग फुगून येतो. प्लास्टिकच्या काचेवर पडलं तर काच धुरकट होते, आणि नशीबच फुटकं असेल तर काचेच्या अंगात बारीक चिरांचं जाळं पडतं. अशा वेळी माणूस पहिली गोष्ट कुठली करतो? खिशातून रुमाल काढतो आणि पुसतो.

"पुसलं का?" हा काकांचा पहिला प्रश्न. या नाही, बसा नाही. पुसलं म्हणालात की त्यांचा चेहरा असा पडायचा, की आपण काच नाही, त्यांच्या घरातलं माणूस दुखावून आणलंय.

"ब्रेक ऑइल पुसायचं नसतंय, धुवायचं असतंय," ते म्हणायचे. "पुसलं की पसरतं आन आत शिरतं. पानी ओतलं की निघून जातं. तांब्याभर पान्याचं काम, पन तेवढा तांब्या कुनाच्या हातात नसतो येळेवर."

म्हणून ती बादली. बाजारातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, सांडलं तर आधी माझी बादली उचला, मग मला हाक मारा. आणि लोक खरंच उचलायचे. दिवसातून दोनदा काका कुणाची वाट न बघता ती स्वतः भरायचे.

त्यांचं काम बघत बसावं असं होतं. आधी पाणी, मग साबणाचं पाणी, मग काच सुकू द्यायची आणि नुसतं बघत बसायचं. दहा दहा मिनिटं बघायचे. धूर वरवरचा असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचे, आधी उभा, मग आडवा, गोल कधीच नाही. मग त्याहून बारीक, मग त्याहून. शेवटी पॉलिशची पेस्ट, आणि ती लावायला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन. नवं फडकं काचेला चालत नाही म्हणायचे. काकूंची तक्रार होती की ह्या माणसाच्या अंगावर धड बनियन नसतो, सगळे काचांच्या अंगावर. डिस्प्लेची गोष्ट वेगळी. त्याच्यावर पातळ थर असतो, तो ऑइलने जागोजाग उडतो आणि स्क्रीनला कोड फुटल्यासारखं दिसतं. तो राहिलेला थरही काका सगळीकडून सारखा काढून टाकायचे, म्हणजे डाग दिसत नाही. पण आधी मालकाला बजावायचे, "आता उनात थोडं चमकंल. नव्यावानी न्हाई व्हनार. चालंल का?" मालक हो म्हणेपर्यंत पेपर भिजवायचे नाहीत.

आणि जाळं पडलेली काच असेल तर हात लावायचे नाहीत. "ही मेली. नवी टाक." कितीही गयावया करा.

दुकानात पेट्रोल आणायला बंदी होती. पेट्रोलचा बोळा हातात असलेला एक मेकॅनिक चुकून आत आला, तेव्हा काकांनी त्याला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. स्वतः मोटारसायकल चालवायचे नाहीत, सायकल चालवायचे. आत भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, टॉवेलात गुंडाळलेली परीक्षेच्या पुठ्ठ्याएवढी काहीतरी वस्तू खिळ्याला टांगलेली होती. तिला हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या कामाचं न्हाई ते."

पण भिंगारभर जो विनोदाचा विषय झाला होता, तो त्यांच्या डिलिव्हरीचा. काका गाडी फक्त सकाळी उन्हं कोवळी असताना द्यायचे. मालकाने स्वतः यायचं, गाडीवर बसायचं, गाडीचं तोंड उगवतीकडे करायचं आणि काचेतून सूर्याकडच्या रस्त्यावर बघायचं. "दिसतंय का? खरं सांगा." मालक म्हणायचा, दिसतंय. "काय दिसतंय?" मग त्याने सांगायचं. विजेचा खांब, शेळी, दुधाची किटली घेऊन चाललेला माणूस. शेळी सांगितली नाही तर गाडी परत आत. पावसाळ्यात सूर्य नसला की गाड्या साठत जायच्या. भिंगारच्या लष्करी छावणीतल्या एका जवानाला सुट्टीवर घरी जायचं होतं, तो बिचारा चार दिवस रोज येऊन आभाळाकडे बघायचा. "काका, जाऊ द्या ना." काका म्हणायचे, "सूर्य काय माझ्या बापाचा हाय? निघाला की जा."

काकूंना आणखी एक कोडं होतं. दोघं दर रविवारी चर्चला जायची. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरायची वेळ झाली की काका शेवटच्या बाकावरून उठायचे आणि बाहेर पडायचे. दुकानावर येऊन बादली भरायचे. बारा वर्षं हे चाललं होतं. "मी इचारलं की म्हनतात, बादली रिकामी हुती," काकू मला सांगायच्या. "रविवारी कोन सांडतंय रे ऑइल?" पुढे एका महिन्यापासून ते उठायचे थांबले. ते कशाने, ते याच गोष्टीत येईल.

मी तेव्हा नगरच्या एका मोटारसायकल शोरूममध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि जिभेवर साखर. मेकॅनिकच्या हातून काही सांडलं की गाडी गुपचूप भिंगारला न्यायची, काकांकडून काच करून आणायची, आणि मालकाला 'बघा, चकाचक' म्हणून द्यायची, हे माझं काम. काका मला नावाने हाक मारायचे नाहीत. "काय शोरूम, आज काय सांडलं?" असं म्हणायचे. आणि पुसलं का, याच्यानंतरचा दुसरा प्रश्न असायचा, "मालकाला सांगितलं का?"

मी प्रत्येक वेळी हो म्हणायचो. डिलिव्हरीला मालक म्हणून शोरूमचाच कुणीतरी पुढे करायचो. तो बिचारा शेळी, खांब, किटली सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगायचा. काही दिवस खपलं.

मग एकदा सांडलं ते माझ्याच हातून. एका निवृत्त सुभेदारांची नवी गाडी होती, मोठा रंगीत डिस्प्ले असलेली. मेकॅनिक डबी उघडून पाना आणायला गेला होता, आणि मी गाडीवर हात ठेवून सुभेदारांशी फोनवर बोलत होतो. बोलता बोलता, सवयीने, ब्रेक दाबला. चिळकांडी सरळ डिस्प्लेवर. मी काय केलं असेल? इतक्या वेळा काकांचं ऐकूनही मी खिशातून रुमाल काढला आणि पुसलं. वर सुभेदारांना म्हणालो, "हो सर, गाडी अगदी छान आहे."

काकांनी तीन दिवस त्या डिस्प्लेवर काम केलं. चौथ्या दिवशी सकाळी मी माझ्या मेव्हण्याला सुभेदार करून नेलं. तो गाडीवर बसला, सूर्याकडे तोंड केलं, शेळी सांगितली. काका म्हणाले, "बरं. गाडी किती किलोमीटर पळाली?" मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. काकांनीही माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी किल्ली काढून खिशात घातली, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "गाडी हितंच राहील. ज्याची हाय त्याला घेऊन ये."

दोन दिवस मी सुभेदारांना थापा मारून काढले. तिसऱ्या दिवशी सुभेदारांना खरं सांगावं लागलं. ते आले, उन्हात बसून नीट बघितलं, काकांना "काम चांगलं केलंय" म्हणाले, आणि तिथून थेट आमच्या मॅनेजरकडे गेले. माझं ओळखपत्र आणि टॅब काढून घेतला गेला. मला मागच्या बाजूला स्पेअर पार्टच्या खिडकीवर बसवलं. माझ्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. ज्या सासऱ्यांनी 'जावई ऑफिसात आहे' म्हणून गावभर सांगितलं होतं, ते एकदा क्लच वायर घ्यायला त्याच खिडकीवर आले.

त्या संध्याकाळी मी भिंगारला गेलो ते भांडायलाच. काका एका मीटरवर बनियन फिरवत होते.

"तुम्हाला काय जातंय हो 'सांग सांग' म्हणायला?" मी सुरू झालो. "डिस्प्ले झाला होता ना नीट? कुणाला कळणार होतं? माझी नोकरी जाता जाता राहिली! आणि तुम्ही इतकी वर्षं गाड्यांत काढलीत, तुमच्या हातून कधी काही सांडलंच नाही? तुम्ही सांगितलंय का कधी कुणाला जाऊन?"

काकांचा हात थांबला. बनियनची घडी घालून त्यांनी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सांडलं हुतं."

"मग? सांगितलंत?"

"तू घरी जा आता," ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की माझा राग जागच्या जागी विझला. काय बोललो ते मला कळलं नाही, पण कुठे तरी लागलंय हे कळलं.

चार दिवस दुकान बंद होतं. बादली आत नेऊन पालथी घातली होती. काकू म्हणाल्या, जेवत नाहीत, बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. पाचव्या दिवशी दुपारी काका सायकलवरून माझ्या खिडकीवर आले. दाढी वाढलेली होती.

"उद्या सुट्टी काढ. कर्जतला जायचंय. पहाटं निघायचं, तुझ्या गाडीवर."

"कशाला?"

"सांगायला," काका म्हणाले.

थंडीचे दिवस होते. कर्जत आमच्याच नगर जिल्ह्यातलं, पण लांब; अंधारातच निघालो. काका मागे बसले होते, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली ती भिंतीवरची वस्तू घट्ट धरून. अर्ध्या वाटेवर एका टपरीवर चहाला थांबलो, तिथे त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला होता.

"तवा माझं गॅरेज हुतं. समदी कामं करायचो. कर्जतकडचा एक मानूस भिंगारला सासुरवाडीला यायचा. थंडी लागाया नको म्हनून गाडीला म्होरं मोठी काच बसवलेली. ब्रेकातली हवा काढाया गाडी दिली माझ्याकडं. माझ्या हातनं ऑइल काचेवर उडालं. मी पेट्रोलचा बोळा घेतला आन पुसलं. पेट्रोलनं तर आनखीनच नास झाला. सांजची येळ, सावलीत काच लख्ख दिसायची. बल्बापुढं धरली तवा जाळं दिसलं. म्हनलं, कुनाला कळतंय? न्हाई सांगितलं. दिली गाडी."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो माणूस बायकोला मागे बसवून गावाला निघाला. थंडीत त्या रस्त्यावर सूर्य समोरून उगवतो. कडेला उसाची ट्रॉली उभी होती. गाडी तिच्यावर आदळली. बाई जागीच गेली. त्याचा पाय मोडला.

"पोलिसाला, गावाला, पावन्यांना, समद्यांला तो एकच सांगत हुता. 'पुढं नुसतं पांढरं झालं.' कुनाला पटंना. लोक म्हनले, डुलकी लागली. कुनी म्हनलं, सासुरवाडीला पिऊन निघाला. हे बाजारात आमच्या कानावर यायचं. त्यो खरं बोलतोय हे आख्ख्या दुनियेत एकट्या मला ठाव हुतं, शोरूम. दवाखान्याच्या फाटकापातुर दोनदा गेलो आन माघारी आलो. तवापासनं प्रभूच्या भाकरीला हात लावला न्हाई."

मी खिडकीवर बसायला लागलो म्हणून आभाळ कोसळल्यासारखा ओरडलो होतो, त्याची लाज वाटली. चहा टाकून दिला आणि गाडी सुरू केली. पुढे सूर्य वर आला तो बरोबर समोरून. माझ्या गाडीला पुढची काच नव्हती, तरी डोळे बारीक करावे लागत होते. मागून काकांचा आवाज आला, "दिसतंय का?" मी म्हणालो, दिसतंय. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "दिसतंय का?" एका वळणाच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वळण संपेपर्यंत काढला नाही.

कर्जतच्या अलीकडे रस्त्यापासून आत ती वस्ती होती. दोन खोल्यांचं घर, समोर गोठा, पलीकडे ज्वारी. ते गृहस्थ म्हशीपुढे वैरण टाकत होते. लंगडत पुढे आले, डोळ्यांवर हात धरून बघत राहिले.

"मिस्त्री का? भिंगारचे?" बारा वर्षांनी ओळखलं त्यांनी. "या की. लई दिसांनी. बसा, च्या टाकतो. घरात मी एकलाच हाय."

काका बसले नाहीत. टॉवेल सोडला. आत एक आरपार दिसणारी प्लास्टिकची काच होती, साधारण परीक्षेच्या पॅडएवढी. काकांनी नंतर मला सांगितलं की अपघात झाला त्याच आठवड्यात त्यांनी तिच्यावर ब्रेक ऑइल सांडलं होतं आणि पेट्रोलच्या बोळ्याने पुसलं होतं, मुद्दाम, तसंच होतं का ते बघायला. आणि मग ती डोळ्यांसमोर टांगून ठेवली होती.

"हितं या," काका म्हणाले. "सूर्याकडं तोंड करा."

गृहस्थांना काही कळलं नाही, पण वडीलधाऱ्या माणसाचं ऐकावं तसं ते उभे राहिले. काकांनी ती काच त्यांच्या तोंडापुढे धरली. गोठ्याच्या सावलीत ती स्वच्छ दिसत होती. उन्हात आली मात्र, आणि सगळी काच पेटल्यासारखी पांढरी झाली. पलीकडची ज्वारी दिसेना, झाड दिसेना.

गृहस्थांचा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि बोटं आवळली गेली. ब्रेक दाबतात तशी.

"असंच," ते म्हणाले. "असंच झालं हुतं. पुढं नुसतं पांढरं झालं." मग काच बाजूला सारून त्यांनी काकांकडे बघितलं. "मिस्त्री, हे तुमच्याकडं कुठनं आलं?"

काकांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. ऑइल सांडलं, पेट्रोलने पुसलं, जाळं दिसलं, बोललो नाही. शेवटी म्हणाले, "माफी मागाया न्हाई आलो. तेवढं तोंड न्हाई माझं. तुमी खरं बोलत हुता, हे सांगाया आलो. खोटा मी हुतो."

गृहस्थांनी काकांच्या सदऱ्याची गळपट्टी धरली. दोन्ही हातांनी. मी मध्ये पडायला पुढे झालो, तर काकांनीच मला हाताने थांबवलं. एका माणसाने दुसऱ्याला इतकं जवळून, इतका वेळ बघितलेलं मी कधी पाहिलं नाही. मग त्यांचे हात सैल पडले आणि ते तिथेच मातीत बसले. त्यांनी काकांना माफ केलं, असं ते कधी म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

"बारा वर्सं," ते म्हणाले. "मी माझ्याच डोळ्याला शिव्या दिल्या. दारूला कधी शिवलो न्हाई मी, मिस्त्री. पन पोरीला कुनीतरी सांगितलं, बाप पिऊन चालवत हुता. एकुलती एक पोरगी. तिच्या आईला मी मारलं म्हनती. लगीन झालं तिचं, पोरं झाली. मला तोंड दाखवत न्हाई. माझा फोन बघितला की उचलत न्हाई."

काका खाली बसले, त्यांच्या समोर. "नंबर सांगा," म्हणाले.

गृहस्थांनी नंबर घडाघड तोंडपाठ सांगितला. न उचलला जाणारा नंबर. माझ्या फोनवरून लावला, कारण तो तिच्या ओळखीचा नव्हता. आवाज मोठा करून फोन काकांच्या हातात दिला. चार वेळा वाजला. मग पलीकडून बाईचा आवाज, मागे भांड्यांचा आणि पोरांच्या शाळेच्या गडबडीचा आवाज.

"हॅलो? कोन बोलतंय?"

काकांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऑइल, पेट्रोल, जाळं. या वेळीही त्यांनी काही गाळलं नाही. "तुझा बाप पिलेला न्हवता, पोरी. झोपला बी न्हवता. त्याच्या म्होरं खरंच पांढरं झालं. ते मी केलं हुतं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि मागची गडबड बंद झाली. गृहस्थ मातीत बोट फिरवत होते, मान वर करत नव्हते. मला वाटलं, फोन ठेवला तिने.

"खरं सांगताय का तुमी?" एवढ्यात आवाज आला.

"बारा वर्सं न्हाई सांगितलं. आता सांगतोय."

मग ती म्हणाली, "आप्पा हायत का तिथं जवळ? त्यांना द्या फोन."

काकांनी फोन पुढे केला. गृहस्थांनी तो दोन्ही हातांत धरला, कानाला लावायचंही त्यांना सुचलं नाही. पलीकडून ती "आप्पा" म्हणाली, पुन्हा "आप्पा" म्हणाली. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलेलं, त्यातलं काहीच त्यांना सापडेना.

"बाय गं," ते शेवटी म्हणाले, "च्या झाला का तुझा?"